पाळीवरची धाव आणि सिमेंटचा सोस

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावाच्या वेशीवर पहाटे उभे राहिल्यास डांबरी रस्त्याच्या कडेने धावत जाणाऱ्या मुलामुलींचे थवे दृष्टीस पडतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर अंतर ठरावीक वेळेत कापावे लागते. ज्यांच्या घरी कोरडवाहू कपाशीखेरीज दुसरा आधार नाही, त्यांच्या दृष्टीने ही धाव म्हणजे छंद नव्हे, उपजीविकेचा प्रश्न आहे. त्यांच्या जोडीला वैद्याच्या सांगण्यावरून धावू लागलेला शहरी मध्यमवर्गही आता आला आहे. या सर्वांच्या वाट्याला येतो तो ट्रकांच्या दिव्यांनी दिपणारा रस्ता. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला. पायी चालणाऱ्याला त्यावर मज्जाव आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु पायांसाठी म्हणून दहा किलोमीटरची सलग वाट जिल्ह्यात कोणी आखली नाही, हेही तितकेच खरे.

हे ज्या जिल्ह्यात घडावे त्याचा इतिहास लक्षात घेतला म्हणजे नवल वाटते. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस वर्ध्याहून शेगावला राहावयास गेले. या शेगावचे सेवाग्राम पुढे झाले. तेथे सकाळ-संध्याकाळचा त्यांचा फिरण्याचा नेम हा आश्रमाच्या दिनचर्येचाच एक भाग होता. विनोबा १९५१ मध्ये या जिल्ह्यातून पायी निघाले ते भूदानाची पदयात्रा करून १९६४ मध्ये धामच्या काठी पवनारला परतले. या वारशाचा उल्लेख भाषणांतून पुष्कळ होतो. पायवाटांच्या अंदाजपत्रकात तो उतरलेला दिसत नाही.

अलीकडे धावपट्टीची मागणी होऊ लागली की लोकप्रतिनिधींची दृष्टी प्रथम तलावाकडे वळते. हे स्वाभाविक आहे. पाण्याभोवतीची वाट सपाट असते, तिला चढउतार नसतो, आणि जेथून निघावे तेथेच ती आणून सोडते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी जुन्या मिठागरांचे बांध होते. १९७२ च्या कायद्याने तेथे वन्यजीवांसाठी आश्रयस्थान करण्याचे ठरले, आणि त्याच मातीच्या बांधांवरून आज लोक मैलोन् मैल धावतात. एका बाजूला खाऱ्या पाण्याची तळी, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल, मध्ये मातीचा सपाट बांध. परंतु नव्या वाटेसाठी पाणथळ भूमीत भराव घालावा लागला नाही, घरटी करण्याच्या मोसमात काही वाटा माणसांना बंद होतात, आणि कुत्र्यांवर कडक निर्बंध असतात, या तीन गोष्टी त्या सुखाच्या मुळाशी आहेत. आपल्याकडे परदेशातील छायाचित्र येते; नियमांचा कागद मागे राहतो.

त्याचे उदाहरण मुंबईत घडले. पवई तलावाच्या काठी महापालिकेने सायकलींसाठी व धावण्यासाठी मार्ग बांधावयास घेतला. दगडांनी भरलेल्या जाळ्यांच्या या रचनेतून पाणी वाहू शकते, सबब तलावाची हानी होत नाही, असा बचाव झाला. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवून बांधकाम काढून टाकण्याचा व जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. धावणे वाईट असे न्यायालयाने म्हटले नाही. पाणथळ जागेत भराव घालून ते करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. जनतेचा पैसा मात्र दोनदा खर्ची पडला, घालताना आणि काढताना.

वर्ध्याने यावरून सावध व्हावे याला कायद्याचे एक निराळेच कारण आहे. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांनी सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले आहेत. पवईदेखील मानवनिर्मितच; परंतु देशातील नोंदविलेल्या दोन लाखांवर पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तेथे उपयोगी पडला. विदर्भातील तलावांचे पाणी बहुतांशी सिंचनाचे. त्यांच्या काठी उद्या सिमेंटच्या ठोकळ्यांचा मार्ग आला तर प्रत्येक तलावासाठी न्यायालयात जाणारा कोण निघणार? येथे नियमापेक्षा स्थानिक विवेकावरच भिस्त आहे.

या सिंचन तलावांचे वैशिष्ट्य असे की, उन्हाळ्यात पाणी ओसरते तसा काठ उघडा पडतो, आणि त्या उघड्या काठावरच सारे जीवन गोळा होते. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके व चक्रवाक उथळ पाण्यात चरतात. उन्हाळ्यात टिटवी खड्यांच्या आडोशाला, उघड्या जमिनीवर अंडी घालते. मोटारीला न घाबरणारा पक्षी पायी येणाऱ्या माणसाला पाहून उडतो, हे कोणीही पक्षिनिरीक्षक सांगेल. तो काठ केवळ पक्ष्यांचाही नाही. भोई तेथे जाळी वाळत घालतात, गाळपेर करणारा शेतकरी ओलीवर पीक घेतो. सुशोभीकरणाच्या नकाशात या दोघांसाठी चौकोन आखलेला नसतो.

मुली अंधारात धावतात, त्यांना दिवे हवेत, हा आक्षेप मात्र रास्त आहे आणि पक्षिप्रेमाच्या नावाखाली तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल. त्याचे उत्तर जागेच्या निवडीत आहे. बोर, धाम, निम्न वर्धा या प्रकल्पांच्या कालव्यांच्या कडेने देखभालीचे रस्ते आहेत. ते सपाट आहेत, गावांना लागून आहेत, आणि तेथे दिवे लावल्याने पाणपक्ष्यांची फारशी अडचण होणार नाही. रोजचा सराव तेथे व्हावा. लहान तलावांच्या मातीच्या पाळीवर मुरमाची अरुंद वाट करावी, पूर्णसंचय पातळीच्या बाहेर राहून, दिव्यांवाचून. ती उजाडल्यावर उघडावी आणि टिटवीच्या दिवसांत ओसरलेल्या काठावर कोणी उतरू नये. बोर अभयारण्य १९७० चे. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले ते क्षेत्र देशातील अशा प्रकल्पांत आकाराने लहान असलेल्यांपैकी एक. तेथे धावपट्टीचा विचारच नको. तेवढी जागा तरी वाघासाठी राहू द्यावी.

मुरमाच्या वाटेची अडचण एकच: तिच्यात खर्च थोडा, आणि म्हणून तिच्यासाठी आग्रह धरणारेही थोडे. कोनशिला बसविण्याजोगे तिच्यात काही नसते. जिल्हा नियोजन समितीने पुढल्या भरतीपूर्वी निदान एका कालव्याच्या कडेने पाच किलोमीटरची वाट साफ करून द्यावी, आणि कोणत्याही तलावाची निविदा काढण्याआधी त्या तलावातील मच्छीमार संस्थेचे म्हणणे लेखी घ्यावे. याला नवा कायदाही लागत नाही आणि मोठा निधीही.