ट्यूबलाइट लुकलुकते, पण सोडा एक नंबर!

तुम्ही म्हणाल, श्रीगोंद्यात कसलं आलंय कॉकटेल! माझं वय २२. महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी २५ पूर्ण लागतात. म्हणून माझा ‘बार’ म्हणजे स्टँडजवळचं सोड्याचं दुकान. डुगडुगणारं टेबल, लुकलुकणारी ट्यूबलाइट. सेल्फीचं नावच नको. पण ग्लास हातात घ्या! श्रीगोंद्याचंच लिंबू, कोकम, जिरं, काळं मीठ आणि वर चिरलेली हिरवी मिरची. पुण्यात याच लिंबाला ‘मॉकटेल’ म्हणत आपण सजावटीचे पैसे मोजतो. इकडे भाव पडला, की बागवाल्याची तोडणीची मजुरीही निघत नाही. म्हणून सांगतो, सजावट नसली तरी चालेल. गावातच लिंबाचं मोल वाढवणारा हा सोडावाला टिकला पाहिजे. सुट्टीत गावी आलात, की फोटोआधी एक घोट घ्या. मग बोलू!