यंत्र आणि हिशेब

नवे साधन हाती आले, की मनुष्याची मिळकत वाढते, असा सर्वसामान्य समज आहे. आगगाडी आली तेव्हा असेच म्हटले गेले, वीज आली तेव्हाही असेच म्हटले गेले. आता एकमेकांशी जोडल्या गेलेल्या भ्रमणध्वनींविषयी व संगणकांविषयीही तेच म्हटले जाते. हा समज खोटा नाही; परंतु तो अपुरा आहे.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळ्यांचे उदाहरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली ते जगापुढे मांडले. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी बडगरा येथील किनाऱ्यावर ११ कोळ्यांच्या मासळीस गिऱ्हाईक उरले नव्हते. त्याच वेळी पंधरा किलोमीटरांच्या आत २७ गिऱ्हाइके मासळीवाचून परत फिरण्याच्या बेतात होती. एकास दुसऱ्याची वार्ता नव्हती, एवढेच! त्या वर्षापासून २००१ पर्यंत तेथे भ्रमणध्वनीची सोय होत गेली. कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि मागणी असेल तिकडे होडी नेऊ लागले. मासळी वाया जाणे थांबले. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, आणि गिऱ्हाइकांसही मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली.

बीड जिल्ह्यास समुद्र नाही, आणि पाऊसही बेताचाच. बालाघाटाच्या डोंगराळ भागातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीस त्या व्यवसायात ‘कोयता’ म्हणतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि पुढे चार-पाच महिने टनांच्या हिशेबाने ती फेडावयाची, अशी ही रीत आहे. या टोळ्यांतही आज भ्रमणध्वनी पोहोचला आहे. फडाजवळच्या कोपीत बसून गावाकडील वृद्ध आईबापांची विचारपूस करता येते, घरी पैसे धाडता येतात. हा लाभ लहान नव्हे.

मग कोळ्यांप्रमाणे या मजुरांची मिळकत का वाढू नये? याचे उत्तर यंत्रात नाही. कोळी आपल्या मासळीचा धनी होता. भाव कळताच होडी वळविण्यास तो मोकळा होता. उचल घेतलेल्या मजुरास अन्यत्र अधिक बरे काम असल्याचे कळले, तरी तो पाय वळवू शकत नाही. आपण किती टन ऊस तोडला आणि किती उचल फिटली, याचा हिशेबही पुष्कळदा मुकादमाच्या वहीतच राहतो. यंत्र एकाच्या हाती आणि हिशेब दुसऱ्याच्या हाती, अशी ही स्थिती आहे.

यात मुकादमास दोष देऊन भागणार नाही. उचल घेऊन मजूर न आल्यास त्याचेही पैसे बुडतात. स्वच्छ हिशेब उभयतांच्या हिताचा आहे, आणि तो ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. काही कारखाने ऊस उत्पादकास उसाच्या वजनाचा संदेश भ्रमणध्वनीवर पाठवितात. तोच संदेश ऊस तोडणाऱ्या जोडप्यासही मिळावा. आज किती वजन भरले, मजुरी किती झाली, उचल किती उरली, एवढ्या तीन गोष्टी सोप्या मराठीत कळल्या तरी पुरे. कोयत्यातील अर्धे श्रम स्त्रीचे असतात. म्हणून हा हिशेब तिलाही स्वतंत्रपणे मिळाला पाहिजे.

तथापि संदेश आला, तरी तो वाचावयास कोणी हवे. आईबापांबरोबर फडावर गेल्यामुळे ज्या मुलांची शाळा निम्म्या वर्षात सुटते, त्यांच्याकडूनच घर ही अपेक्षा करीत असते. म्हणून या मुलांची शाळा न सुटू देणे हाही आर्थिक प्रगतीचाच भाग होय. गणिताच्या तासाला टन आणि क्विंटल यांची उदाहरणे सोडविणारी मुलगी जेव्हा आपल्या घरचा हिशेब वाचून त्याची बेरीज स्वतः ताडून पाहील, तेव्हा ते यंत्र खऱ्या अर्थाने त्या घराचे झाले, असे म्हणता येईल.