ड्रिल नको, बॅटरी बघा!

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरात एक गंमत सुरू होते. आपण नेमकं काय शिकतो ते कुणालाच ठाऊक नसतं, पण मिक्सर बिघडला की आपल्याला हाक, इन्व्हर्टर घ्यायचा की आपल्याला फोन. गेल्या दोन सुट्ट्यांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "अरे, ते बॅटरीचं ड्रिल येतं ना, त्यातलं कुठलं घेऊ?" आधी बाबांनी विचारलं, मग कोकणातल्या मामाने, मग शेजारच्या रिटायर्ड गुरुजींनी. मेकॅनिकलच्या पोराने "माहीत नाही" म्हणायचं म्हणजे चार वर्षांची फी पाण्यात! मग आपण काय करतो? मोबाइल उघडतो आणि ज्या पेटीत सगळ्यात जास्त बिट आणि ज्या डब्यावर सगळ्यात मोठे व्होल्ट, तिच्याकडे बोट दाखवतो. बोट आपलं, पैसे बाबांचे.

मित्रांनो, माझं मत आधीच सांगून टाकतो. घरासाठी कॉर्डलेस मशीन निवडताना मशीन बघूच नका, बॅटरी बघा. मशीनच्या मोटरला आणि गिअरला घरगुती वापरात दहा वर्षं काही होत नाही. मरते ती बॅटरी. ती मेल्यावर तशीच दुसरी आपल्या तालुक्याच्या गावात मिळेल का, एवढाच खरा प्रश्न आहे. बाकी रंग, पेटी, हिरो-हिरॉइनची जाहिरात सगळं नंतर.

आता व्होल्टची भानगड. आमच्या विंगमध्ये एकाने ऑनलाइन किट मागवलं. बॅटरीवर ठळक अक्षरात छापलंय '48 व्हीएफ'. मल्टिमीटर लावला, फुल चार्जला 20.7 व्होल्ट! व्हीएफ हे कसलं एकक म्हणून बरंच डोकं खाजवलं. व्होल्ट गुणिले फॅरड केलं तर कूलंब येतो, आणि ड्रिल कूलंबच्या भावाने विकल्याचं ऐकिवात नाही. लिथियम-आयनचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरला की 4.2 चा. पाच सेल सिरीजमध्ये जोडले की एकाच्या डब्यावर 18 व्होल्ट, दुसऱ्याच्या डब्यावर '20 व्होल्ट मॅक्स', तिसऱ्याच्या डब्यावर 21 व्होल्ट. तिन्ही एकच! तीन सेलच्या छोट्या मशीनचंही तसंच, 10.8 म्हणा नाहीतर 12 म्हणा. हे फर्स्ट इयरचं बेसिक इलेक्ट्रिकल आहे हो, पण दुकानात गेलो की आपण विसरतो.

खरा आकडा वॉट-अवरचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, झालं. 18 व्होल्ट, 2 अँपिअर-अवर म्हणजे 36 वॉट-अवर. आता बॅटरीवरचा चार इंची ग्राइंडर काम करताना 360 वॉट खेचतो असं धरा. सहा मिनिटं! मामाला गेटचा गंजलेला बार कापायचा आहे, तो अर्धा कापून होईपर्यंत बॅटरी "नमस्कार" म्हणणार. तीच बॅटरी स्क्रू मारायला लावा. एका स्क्रूला 200 वॉटने तीन सेकंद धरले तर 600 जूल. 36 वॉट-अवर म्हणजे जवळजवळ एक लाख तीस हजार जूल. लॉसेस भरपूर धरले तरी दीडशे स्क्रू कुठे गेले नाहीत. घरात वर्षभरात दीडशे स्क्रू कोण मारतं? म्हणजे बॅटरी छोटी की मोठी हा प्रश्न नाही, ती कुठल्या कामाला जुंपली हा आहे. ग्राइंडर, कटर, ब्लोअर ही खादाड मंडळी. त्यांना शक्यतो भिंतीतल्या पॉइंटवरच जेवायला घाला.

"पण वायर ओढत कोण बसणार?" हा आक्षेप मला सगळ्यांनी घेतला. वायरचा कंटाळा मला मान्य आहे, पण लांब वायरने पॉवर कमी होते ही भीती उगाच आहे. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची तीस मीटर एक्स्टेंशन घ्या. जाऊन-येऊन साठ मीटर, रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास. 600 वॉटचं ड्रिल अडीच-पावणेतीन अँपिअर घेणार, ड्रॉप तीन व्होल्टसुद्धा नाही. 230 मधून तीन गेले तर ड्रिलला पत्ताही लागत नाही.

आणि आपली भिंत कसली आहे ते बघा की! जाहिरातीत गोरा माणूस लाकडी फळीत भोक पाडतो, कारण त्याचं घरच लाकडाचं. आपल्याकडे वीट, काँक्रीट, काळा दगड. कोकणात किंवा गोव्यात जांभ्याचं घर असेल तर बिट लोण्यासारखं शिरतं, तिथे काहीही चालेल. विटेच्या भिंतीला साधं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल उत्तम. पण पंख्याचा हुक मारायला स्लॅबमध्ये भोक पाडायचं असेल तर इम्पॅक्ट ड्रिल नुसतं किंचाळतं. त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात आणि जोर तुमच्या खांद्याचा लागतो. तिथे रोटरी हॅमर लागतो, ज्यात पिस्टन हवेच्या दाबावर ठोके मारतो. असं काम वर्षातून एकदा निघतं, त्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा, चहा पाजा, शंभर-दोनशे जास्त द्या. (इम्पॅक्ट ड्रायव्हर हा तिसराच प्राणी. त्याचे ठोके गोल फिरण्याच्या दिशेने, स्क्रू-बोल्टसाठी. नाव सारखं म्हणून तो भिंतीसाठी आणणारे मी पाहिले आहेत.)

एवढं वाचून कुणाला वाटेल की हा कॉर्डलेसच्या विरोधात आहे. अजिबात नाही. मामाला मी कॉर्डलेसच घ्यायला सांगितलं, पण त्याने मागितलं होतं ते नाही. त्याला ते 21 व्होल्टवालं हवं होतं, हॅमरसकट. मी विचारलं, घरी वापरणार कोण? मामा दिवसभर बँकेत. दादा पुण्याला, ताई बंगलोरला. दाराची बिजागरी सैल झाली, पडद्याचा रॉड निघाला, देवघराची फळी हलायला लागली तर स्टुलावर चढणार मामी. तिच्या हातात दोन किलोचं मशीन देऊन काय होणार? ते कपाटात पडून राहणार आणि मामी सुरीच्या टोकाने स्क्रू पिळणार, जशी आत्ता पिळते. तीन सेलचं छोटं, '12 व्होल्ट' लिहिलेलं मशीन बॅटरीसकट किलोभराचं असतं. एका हातात फळी, एका हातात मशीन, स्टूल डगमगत नाही, खाली वायर लोंबत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हीच परिस्थिती आहे. पोरं हॉस्टेलला, आई-बाबा पन्नाशीच्या पुढे. आपण सुट्टीत येऊन वापरू म्हणून मशीन घ्यायचं नसतं.

आता परसाकडे येऊ. इथे खरंच वायर नको. ओलं गवत, पाऊस, चिखलात पडलेला एक्स्टेंशन बोर्ड आणि पायात स्लिपर हे कॉम्बिनेशन जीव घेतं. कुंपणाची जास्वंद छाटायला, वाकलेल्या फांद्या कापायला बॅटरीची कात्री किंवा छोटी करवत झकास. पण गवत कापायचं यंत्र घेताना ते 36 वॉट-अवरचं गणित पुन्हा करा आणि आपलं परस किती गुंठे आहे तेही बघा. दोन गुंठ्यांपर्यंत ठीक, त्यापुढे पेट्रोलचं किंवा गड्याच्या हातातलं कोयता-विळा. आणि वाळलेली पानं उडवायच्या ब्लोअरवर पैसे घालणाऱ्याला माझ्यातर्फे एक खराटा भेट!

परसातलं मशीन आणि घरातलं मशीन एकाच बॅटरीवर चालावं ही मात्र अपेक्षा चुकीची नाही. त्यासाठी कंपन्यांनीही हात मिळवलेत. मेटाबोने 2018 मध्ये इतर उत्पादकांना घेऊन एक बॅटरी-गट काढला. 2020 मध्ये बॉशच्या पुढाकाराने घर आणि बाग यांच्या 18 व्होल्ट मशीनसाठी दुसरा गट आला, त्यात गार्डेना आहे. ऐकायला छान. पण बॉशचीच घरगुती हिरवी 18 व्होल्ट बॅटरी त्यांच्याच निळ्या प्रोफेशनल मशीनला बसत नाही! म्हणजे व्होल्ट सारखे, कंपनी सारखी, फक्त खाच वेगळी. उलट आपल्या बाजारात एक विनोदी प्रकार घडलाय. स्वस्तातल्या अनेक कंपन्यांनी मकिटाच्या बॅटरीच्या खाचेची नक्कल केली आहे, त्यामुळे कुणाचीही बॅटरी कुणालाही बसते. ठरवून जे झालं नाही ते नक्कल करून झालं. फक्त नकली पॅकमध्ये तापमान आणि ओव्हरकरंटचं प्रोटेक्शन असेलच असं नाही, म्हणून हा जुगाड मी मामाला सुचवला नाही.

मला या सगळ्यात आपल्या फवारणी पंपाचं फार कौतुक वाटतं. गावाकडे पाठीवरचा बॅटरी पंप बघितलाय ना? आत 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी, दोन साधी टर्मिनलं. पंप कुठल्याही कंपनीचा असो, बॅटरी गेली की कृषी सेवा केंद्रात जा, दुसरी आण, दहा मिनिटांत फवारणी सुरू. शेतकऱ्याला कंपनीचं नाव विचारावं लागत नाही. ड्रिलवाल्यांना 1961 पासून हे जमलेलं नाही. (त्या वर्षी ब्लॅक अँड डेकरने बॅटरीचं ड्रिल काढलं. क्विझमध्ये 'नासाने शोध लावला' असं उत्तर देणाऱ्यांनी नोंद घ्यावी. चंद्रावर ड्रिल गेलं ते नंतर, 1971 ला अपोलो 15 बरोबर.) लिथियम हलकं, ताकदवान, सगळं खरं, पण ग्राहकाला बांधून ठेवण्यात लेड-ॲसिडपेक्षा वाईट.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न : सुटी बॅटरी आत्ता, या काउंटरवर, आहे का आणि केवढ्याला? "मागवून देतो" म्हणाला तर पुढचं दुकान. दुसरा : हीच खाच कंपनी किती वर्षांपासून वापरतेय? नवीन मॉडेलला जुनी बॅटरी बसते अशा कंपन्या आहेत, त्यांना थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. घरी आणल्यावर बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीच्या खोलीत ठेवू नका. नागपूर-चंद्रपूरवाल्यांनो, तुमच्या मे महिन्यात ती नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. महिनोन्‌महिने लागणार नसेल तर अर्धी भरून, सावलीत.

आता थोडं आपल्या हॉस्टेलबद्दल. गॅदरिंगचं स्टेज, मोडक्या कॉट, निखळलेली दारं यांसाठी हॉस्टेल कमिटीने टूल किट घ्यायचं ठरवलंय, आणि लिस्टमध्ये मोठ्या पेटीतलं 21 व्होल्टचं कॉम्बो आहे. माझी रेक्टर सरांना आणि कमिटीला विनंती की त्याच बजेटमध्ये तीन वस्तू घ्याव्यात : एक वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल, दोन बॅटऱ्यांसकट एक छोटा 12 व्होल्टचा ड्रायव्हर, आणि 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह तीस मीटरची एक्स्टेंशन. वॉचमन काकांकडे रजिस्टर असावं. चार्जर ऑफिसमध्येच राहावा, दिवसा, जिथे कुणीतरी जागं आहे. रूमवर गादीखाली, रात्रभर, तीन पिनच्या बोर्डात चौथा चार्जर खुपसून लिथियम बॅटरी चार्ज करणारे महाभाग आपल्यात आहेत, त्यांची नावं इथे देत नाही. आणि मेलेली बॅटरी मेसच्या कचऱ्यात जाऊ नये. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी गोळा व्हायला हवी आणि परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा बिल जपून ठेवा. कोटेशन अजून फायनल झालेलं नाही. कुणाचं वेगळं मत असेल तर कमिटीच्या मीटिंगला या, मल्टिमीटर मी आणतो.