आरडी की आरएक्स?

जुन्या जपानी गाड्यांची तुलना करायचा सध्या सगळ्यांनाच नाद लागलाय. तिकडे स्कायलाइन की सुप्रा यावर लोक रात्ररात्र भांडतात. आमच्या हर्णेत कुठली आलीय सुप्रा! आपल्याकडे जपानी वेगाची चव बहुतेकांनी घेतली ती दोन चाकांवर, तीही यामाहाच्या. म्हणून आमच्या घरातला वाद आहे आरडी ३५० की आरएक्स १०० असा. भाच्याला भाऊजींची १९९१ ची आरएक्स विकून, वर पैसे घालून आरडी घ्यायचीय. (वाचतोयस ना रे?)

तर मुद्दा असा. कागदावर आरडी जिंकते. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ती राजदूत ३५० म्हणून आणली, पण मुळात ती १९७० च्या दशकातल्या जपानची गाडी. इथे येताना पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला, ताकदही कमी केली, तरी तिची तहान काही भागेना. लोकांनी अ‍ॅव्हरेज विचारलं आणि पाठ फिरवली. १९९० च्या आसपास खेळ आटोपला. आज तिला भाव आहे तो बराचसा मोजक्याच उरल्यात म्हणून.

आरएक्स वेगळ्या जमान्याची. पेट्रोल महागल्यावर काटकसर करणाऱ्या १०० सीसीच्या जपानी गाड्या भारतात आल्या, इंड-सुझुकी, हिरो होंडा वगैरे. त्याच लाटेत १९८५ ला ही आली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, चार गिअर, वजन शंभर किलोच्या आसपास. आकड्यांत काही दम नाही. पण मागे माशांची टोपली बांधून भाऊजी आसूदचा चढ चढायचे, तेव्हा आवाजावरून कळायचं कोण आलं ते! काटकसरीच्या काळात कुणीतरी मस्तीची गाडी बनवली, याचं मला जास्त कौतुक वाटतं. १९९६ च्या प्रदूषण नियमांनी तीही गेली. धूर करायचीच, खोटं कशाला बोला.

आता आपल्या बंदरावरचा खारा वारा. तो क्रोम खातो, स्पोक खातो, टाकी आतून खातो. आरडीचे दोन कार्ब्युरेटर जुळवून देणारा माणूस शोधायला तुला बाहेर जावं लागणार, आणि सुटे भाग मिळतील त्या भावाने. मग ती ताडपत्रीखाली उभी राहणार. आरएक्स इथला कुठलाही जुना मिस्त्री दुपारच्या चहाआधी खोलून जोडून देतो. चालवायला गाडी हवी असेल, तर माझं मत आरएक्सलाच.

शिवाय एक राहिलंच. आरसीवर अजून भाऊजींचं नाव आहे. विकायची असो की ठेवायची, आधी ती ताईच्या नावावर करावी लागेल, फॉर्म ३१ भरून. म्हणजे सही तिचीच लागणार. तिला विचारलंस का?