बाळंभटदादांचा खांब

रशियाचा जिम्नॅस्ट अलेक्सी नेमोव्ह याने १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिक सामन्यांत मिळून बारा पदके मिळविली. त्याच्या कसरती पाहिल्या की मनात येते, हे परदेशस्थांनाच साधावे. आपल्यापाशी ना ती साधने, ना ती क्रीडागृहे! हा विचार स्वाभाविक आहे, पण खरा नव्हे.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी निजामाच्या राज्यातून अली व गुलाब हे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. ते स्वीकारण्यास बाळंभटदादा देवधर तेवढे पुढे झाले. वणीच्या सप्तशृंगगडावर त्यांनी वानरांची चपळाई न्याहाळली, लाकडी खांबावर तिचा अभ्यास केला आणि अलीस चीत केले, असे परंपरा सांगते. दंतकथेचा अंश वगळला, तरी मल्लखांबविद्येचे पुनरुज्जीवन दादांनी केले, हे सर्वमान्य आहे. पुढे १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके जगास दाखविली. २०१९ साली मुंबईत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि २०२४ साली उदय देशपांडे यांना या कार्याबद्दल पद्मश्री मिळाली.

या विद्येस भांडवल ते किती? बुडाशी जाड, वर निमुळता असा सागाचा वा शिसवीचा एक गुळगुळीत खांब आणि थोडे एरंडेल. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब आहेच. साधी अढी जमू लागली की हळूहळू दसरंगही जमतो. पडण्याची भीती पालकांस वाटते, ती रास्त आहे. म्हणूनच जाणता शिक्षक आणि खांबाभोवती मऊ माती वा गादी अवश्य हवी.

खरी उणीव साधनांची नसून आपल्या निश्चयाची आहे. परीक्षा जवळ आली की पहिली गदा व्यायामाच्या तासावर येते. व्याकरणासाठी तो तास मीही अनेकदा घेतला आहे, आणि त्याची मला आज खंत वाटते. ज्या मुलाला पाच मिनिटे ताठ बसवत नाही, त्याच्या पदरात त्या व्याकरणाने काय पडले असेल?

आदिलाबादचा साग दूरवर प्रसिद्ध आहे. तो आपण घरांच्या दारांना लावतो, पलंगांना लावतो. त्यातलाच एक खांब उटनूरच्या प्रत्येक शाळेच्या अंगणात रोवला जावा आणि आठवड्याचे दोन तास तरी त्याच्यासाठी राखले जावेत, एवढेच माझे मागणे आहे. पदके मिळोत वा न मिळोत. अंगी बळ आणि मनी धैर्य आले, तरी त्या खांबाचे सार्थक झाले.