नेट आले, शिकवणार कोण?

रोजगार हमीची मजुरी खात्यात जमा झाली की नाही, एवढे पाहायला केरळमधल्या पुल्लमपारा पंचायतीतली माणसे बँकेत रांग लावायची. या खेपेत दिवसाची कमाई बुडायची. शिल्लक फोनवर पाहता येते. पण ती कशी पाहायची हे त्यांना कुणी शेजारी बसून दाखवलेच नव्हते.

तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या या ग्रामपंचायतीने ते काम अंगावर घेतले. स्वयंसेवक घरोघर गेले, रोजगार हमीच्या कामांवरही गेले. फोन लावण्यापासून व्हिडिओ कॉल, गॅसची नोंदणी, पैसे पाठवणे इथपर्यंत एकेक गोष्ट त्यांनी लोकांच्या हातून करून घेतली. सप्टेंबर २०२२ मध्ये पंचायत पूर्ण डिजिटल साक्षर जाहीर झाली. मग राज्याने तोच धडा गिरवला. घरोघरच्या पाहणीत सुमारे २१.८८ लाख नवशिके सापडले. त्यांना शिकवून झाल्यावर २१ ऑगस्ट २०२५ रोजी केरळने संपूर्ण डिजिटल साक्षरतेची घोषणा केली.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने, व्हीएसएनएलने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले आणि त्यानंतर तीनच वर्षांनी वारणा खोऱ्यातल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प उभा राहिला. सहकारी साखर कारखान्याचे सभासद तिथे मुख्यतः उसाचे वजन, तोडणीची पाळी आणि खताचा हिशेब पाहायला येत. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत हीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने देऊन पाहिली. शेतकऱ्याचे काम तेवढ्यावरही भागले.

नवशिक्याला इंटरनेट शिकवायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. त्याला आधी विचारावे, ‘तुमचे कोणते काम अडले आहे?’ कुणाला सातबारा पाहायचा असतो, कुणाला एसटीचे आरक्षण करायचे असते, कुणाला दूरच्या नातवंडाचा चेहरा पाहायचा असतो. ते एक काम स्वतःच्या बोटाने जमले की पुढची वाट माणूस आपणच विचारतो. टाइप करणे अवघड जात असेल, तर मराठीत बोलून शोधण्याची सोय पहिल्याच दिवशी दाखवावी.

त्याच बैठकीत सावधगिरीही शिकवायला हवी. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरता अभियान आणले. लक्ष्य होते सहा कोटी कुटुंबांचे, घरटी एका व्यक्तीचे. इथेच ते तोकडे पडले. घरातला तो एक जण कॉलेजात जाणारा मुलगा असेल, तर आई त्याच्यावर अवलंबून राहते. तो पुण्याला गेला की तिचे व्यवहार पुन्हा शेजाऱ्याच्या हाती जातात. स्वतःच्या खात्याचा पिन दुसऱ्याला सांगावा लागणे ही साक्षरता नव्हे. केरळने कुटुंब न मोजता माणसे मोजली, म्हणून तो प्रयोग मोलाचा.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ऑनलाइन केवायसीत येणाऱ्या अडचणींमुळे हे प्रकरण न्यायालयात गेले होते. हक्क म्हटला की तो पोहोचवण्याची जबाबदारी शासनावर येते. केबल टाकली आणि टॉवर उभारला म्हणून ती संपत नाही.

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, देशाने तो नंतर उचलला. त्याच योजनेच्या कामांवर केरळने फोनची शाळा भरवली, ती महाराष्ट्रानेही भरवावी. येत्या ग्रामसभेत आपल्या गावातल्या नवशिक्यांची घरनिहाय यादी करण्याचा ठराव मांडा, आणि यादीतले पहिले नाव शिकवायला स्वतः घ्या.