निष्ठा म्हणजे समीक्षा नव्हे : 'हेलो २'च्या निमित्ताने

एखाद्या कलाकृतीवर दीर्घकाळ प्रेम करणाऱ्याला तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार असतो, हे मान्य करायला कोणाचीच हरकत नसावी. मात्र त्या प्रेमालाच मूल्यमापनाचा निकष मानण्याची जी रीत लोकप्रिय कलाप्रकारांच्या चर्चेत रूढ झाली आहे, ती तपासून पाहिली पाहिजे. 'आम्ही पहिल्यापासूनचे चाहते आहोत, म्हणून आम्ही सांगतो' या वाक्यात अनुभवाचा दाखला असतो, युक्तिवाद नसतो. आणि युक्तिवादाची जागा दाखल्याने घेतली, की समीक्षेची जागा निष्ठा घेते. 'हेलो २' या व्हिडिओ गेमच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

अशा नियतकालिकात व्हिडिओ गेमची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे, की येथे वादाचा विषय यंत्र नसून निवेदन आहे. बंजी या अमेरिकन संस्थेने घडवलेला आणि मायक्रोसॉफ्टने ९ नोव्हेंबर २००४ रोजी एक्सबॉक्ससाठी प्रकाशित केलेला हा विज्ञानकाल्पनिक 'फर्स्ट पर्सन शूटर' उपेक्षित मुळीच नव्हता. अमेरिका व कॅनडात मिळून पहिल्या चोवीस तासांतच त्याच्या सुमारे चोवीस लाख प्रती विकल्या गेल्या. पण विक्रीच्या आकड्यांखाली एक नाराजी पहिल्यापासून धुमसत राहिली. प्रस्तुत लेखक २००३ साली आलेल्या पहिल्या 'हेलो'च्या संगणकीय आवृत्तीपासून याच चाहत्यांच्या पंगतीत बसलेला आहे. तेव्हा पुढील प्रतिवाद बाहेरच्याचा नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

१

चाहत्यांचे आरोप तीन आहेत. पहिला, वचनभंगाचा. २००३ सालच्या ई-थ्री प्रदर्शनात न्यू मोंबासा या भविष्यकालीन आफ्रिकी शहरातील लढाई दाखवली गेली. पृथ्वीचे रक्षण हाच खेळाचा गाभा असेल अशी अपेक्षा निर्माण झाली. प्रत्यक्षात त्या शहरातील लढाई दोन टप्प्यांत आटोपते आणि कथा पृथ्वी सोडून निघून जाते. दुसरा आरोप, शेवट तुटल्याचा. कथानक ऐन मोक्याच्या क्षणी थांबते आणि 'पुढे पाहा' असे सुचवून खेळाडूची बोळवण करते. तिसरा आरोप सर्वांत तीव्र आहे : मास्टर चीफ हा आमचा नायक असताना जवळजवळ निम्मा खेळ आम्हाला आर्बिटर या शत्रुपक्षातील योद्ध्याच्या अंगात शिरून का खेळावा लागतो?

यांपैकी दुसरा आरोप खरा आहे. निर्मितीच्या घाईत शेवटचा भाग कापावा लागला, हे निर्मात्यांनीच पुढे मान्य केले. पहिल्या आरोपाचे मूल्य जाहिरातीपुरते आहे. जाहिरातीने दिलेले वचन कलाकृतीवर बंधनकारक असते असे मानले, तर कोणतीही कृती आपल्या जाहिरातीपेक्षा मोठी होऊ शकणार नाही. खरा वाद तिसऱ्या आरोपाचा आहे. माझ्या मते तो केवळ चुकीचा नाही, उलटा आहे.

२

'हेलो २'ची सुरुवात पाहावी. नायक दिसण्याच्या आधी आपल्याला दिसतो एक खटला. कव्हेनंट या परग्रहवासीयांच्या धर्मसत्तेच्या राजधानीत एका सेनापतीला प्रेषितांसमोर उभे केले आहे. त्याच्यावर आरोप आहे, 'हेलो' या पवित्र वलयाचे रक्षण न करू शकल्याचा. ते वलय कोणी उद्ध्वस्त केले? मास्टर चीफने; म्हणजे २००१ सालच्या पहिल्या खेळाच्या शेवटी आपणच. यानंतर दोन दृश्ये एकमेकांत गुंफली जातात. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कैरो या स्थानकावर मास्टर चीफच्या सन्मानाचा सोहळा चालू असतो आणि तिकडे, त्याच कृत्यासाठी, त्या सेनापतीचे चिलखत उतरवून त्याच्या देहावर कलंकाचा डाग उमटवला जात असतो. एका बाजूचे पदक आणि दुसऱ्या बाजूचा डाग ही एकाच घटनेची दोन नावे आहेत.

मराठीत 'उत्तर' या शब्दाला 'नंतरचे' आणि 'जबाब' असे दोन्ही अर्थ आहेत. पुढचा भाग काढणे सोपे असते. उत्तरकृती लिहिणे अवघड. भवभूतीने 'महावीरचरिता'नंतर 'उत्तररामचरित' रचले, तेव्हा त्याने रामाच्या पराक्रमाची पुढील यादी दिली नाही. त्या पराक्रमी पुरुषाला सीतात्यागाच्या दुःखासमोर उभे केले. तुलना येथे योग्यतेची नाही, रीतीची आहे. 'हेलो २' पहिल्या खेळाला पुढे ढकलत नाही, त्याला प्रश्न विचारतो : तुझा विजय कोणाच्या वाट्याला काय म्हणून आला?

भाषेचाही येथे विचार केला पाहिजे. पहिल्या खेळात 'एलिट' हे कव्हेनंटचे योद्धे न कळणाऱ्या आवाजात गुरगुरतात, तर 'ग्रंट' हे बुटके सैनिक आपल्याला कळेल अशा भाषेत बडबडतात, ते हसू येण्यापुरते. दुसऱ्या खेळात एलिट बोलू लागतात. त्यांना मान-अपमान, शंका, श्रद्धा आहेत. ज्यांना आपण पहिल्या खेळात हसत हसत मारले, ते ग्रंट आर्बिटरच्या बाजूने, आपल्याच खांद्याला खांदा लावून लढतात. शत्रूला भाषा देणे म्हणजे त्याला मारण्याची किंमत वाढवणे. हे काम या खेळाने केले, आणि चाहत्यांना नेमके तेच खटकले.

३

'फर्स्ट पर्सन' ही संज्ञाच व्याकरणातून आलेली आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. या प्रकारात पडद्यावर आपला चेहरा दिसत नाही. दिसतात फक्त आपले हात आणि शस्त्र. नजर आणि 'मी' एक होतात. कादंबरीत निवेदक बदलला की वाचक दुसऱ्याचे ऐकू लागतो; येथे दृष्टिकेंद्र बदलले की खेळाडूला दुसरा व्हावे लागते.

याच २००४ साली खेळाभ्यासाचे एक प्रमुख अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी एक गाजलेले विधान केले. लारा क्रॉफ्टचा देह कसा आहे याच्याशी खेळाडू म्हणून आपल्याला कर्तव्य नाही; देह वेगळा असता तरी आपण वेगळे खेळलो नसतो; आपण त्या देहातून पलीकडे पाहतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. कथनमीमांसेची हत्यारे खेळांवर सरसकट चालवू नयेत, हा त्यांचा मूळ आग्रह योग्यच होता. पण 'हेलो २' हा त्या विधानाला मिळालेला सर्वांत चोख अपवाद आहे. आर्बिटर आणि मास्टर चीफ यांची खेळण्याची यंत्रणा जवळजवळ एकच आहे. तेच संरक्षक कवच, तीच शस्त्रे. आर्बिटरला थोडा काळ अदृश्य होता येते, एवढाच लक्षणीय फरक. म्हणजे आर्सेथ यांच्या हिशेबाने चाहत्यांना काही जाणवायलाच नको होते. तरीही ते संतापले. बोटांच्या हालचाली त्याच असताना संताप कशाचा? 'मी' कोण, या प्रश्नाचाच. खेळाडू देहातून पलीकडे पाहतो हे खरे, पण कोणत्या देहातून पाहायला आपण तयार आहोत हे तो आधी ठरवून बसलेला असतो.

४

आता आर्बिटरच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही अडचणीत टाकणारी गोष्ट सांगितली पाहिजे. या खेळाचा खरा दोष आर्बिटर असण्यात नाही; त्याला निर्मळ ठेवण्यात आहे.

खेळता येणाऱ्या चौदा टप्प्यांपैकी सहा आर्बिटरचे आहेत. मानवजातीविरुद्ध संहाराचे युद्ध पुकारलेल्या सैन्याचा हा माजी सेनापती या सहा टप्प्यांत कोणाशी लढतो? प्रथम स्वपक्षातील पाखंडी बंडखोरांशी. मग पहारेकरी यंत्रांशी. मग 'फ्लड' या सर्वांनाच गिळणाऱ्या परोपजीवी प्रकाराशी. आणि शेवटी ब्रूट या प्रतिस्पर्धी जमातीशी व तिचा नायक टार्टारस याच्याशी. जिवंत मानवी सैनिक त्याच्या नेमासमोर शत्रू म्हणून एकदाही येत नाही. मिरांडा कीज आणि जॉन्सन या मानवी पात्रांशी त्याचा सामना होतो, पण तो दृश्यखंडात. म्हणजे खेळाडूच्या हातून सूत्रे काढून घेतल्यानंतर. थोडक्यात, आपल्याला शत्रूचे डोळे मिळतात, शत्रूचे हात मिळत नाहीत.

'फ्लडचे टप्पे कंटाळवाणे आहेत' अशी तक्रार चाहते करतात. ती रास्त आहे, परंतु तिचे कारण त्यांनी शोधले नाही. फ्लड ही नैतिकदृष्ट्या सर्वांत सोयीची लपण्याची जागा आहे. तिला मारताना कोणाचाही पक्ष घ्यावा लागत नाही. जेथे खेळाने खेळाडूला माणसांवर शस्त्र रोखायला लावून त्याची कसोटी पाहायला हवी होती, तेथे तो त्याला या अपराधमुक्त बोगद्यांतून फिरवत राहतो. कंटाळा आणि पळवाट यांचे मूळ एकच आहे.

एकाच जागी हा खेळ आपल्या धाडसाच्या जवळ पोचतो. पाखंड्यांचा पुढारी आर्बिटरला सांगतो, की प्रेषित खोटे बोलत आहेत. आपण त्याला ठार करतो. पुढे कळते, की तो खरे बोलत होता. खेळाडूच्या स्वतःच्या हातून सत्य सांगणाऱ्याचा वध होतो, आणि अधिकाऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवूनच होतो. कोणत्याही गंभीर कादंबरीने या क्षणाभोवती घुटमळत राहिले असते. 'हेलो २' त्या वधाचा हिशेब मागत नाही. आर्बिटर ब्रूटांविरुद्ध उभा राहतो आणि कथेने त्याला क्षमा करून टाकलेली असते. ज्याच्या हातांना रक्त लागलेले आपण पाहिलेच नाही, त्याचे हृदयपरिवर्तन फारसे महाग पडत नाही.

५

चाहत्यांची तक्रार मात्र या दोषावर नव्हती. ती आर्बिटरच्या अस्तित्वावरच होती. आणि ती यशस्वी झाली. २५ सप्टेंबर २००७ रोजी आलेल्या 'हेलो ३'मध्ये एकट्याने खेळणारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मास्टर चीफच असतो. आर्बिटर त्याच्या शेजारी चालणारा सोबती उरतो. त्याच्या अंगात शिरायचे, तर सोबत दुसरा खेळाडू असावा लागतो, आणि तेव्हाही कथा चीफचीच राहते. प्रथमपुरुषाचा तृतीयपुरुष झाला. 'शत्रूची बाजू समजून घ्या' याचे रूपांतर 'शत्रूपैकी एक भला माणूस आमच्या बाजूला आला' यात झाले. हे दुसरे वाक्य लोकप्रिय युद्धकथांना कधीच जड गेलेले नाही.

यावर असा आक्षेप येईल, की चाहत्यांना शत्रूचा दृष्टिकोन नको नव्हता, फक्त आपला नायक हवा होता. मग 'हेलो ३ : ओडीएसटी' (२००९) आणि 'हेलो : रीच' (२०१०) यांत मास्टर चीफच्या जागी दुसरेच सैनिक खेळायला मिळाले, तेव्हा तसाच संताप का उसळला नाही? ते सैनिक मानवी बाजूचे होते. उलट 'हेलो ५ : गार्डियन्स'मध्ये (२०१५) बहुतेक टप्पे लॉक या मानवी सैनिकाचे असूनही पुन्हा रोष झाला, कारण लॉकचे काम चीफचा पाठलाग करणे हे होते. दोन्ही वेळा गुन्हा एकच : नायकाकडे बाहेरून, त्याच्या विरोधकाच्या जागेवरून पाहणे. 'हेलो इन्फिनिट'च्या (२०२१) कथेत खेळाडूच्या हाती पुन्हा एकटा मास्टर चीफ आहे. निष्ठेचे समाधान झाले. उत्तरकृतीची शक्यता मात्र तेवढी आकसली.

निष्ठेचा निकष किती बोथट असतो, हे येथे दिसते. आर्बिटरमुळे विजयाचा अर्थ बदलतो, लॉकमुळे फक्त शिरस्त्राण बदलते. कलादृष्ट्या हे दोन निर्णय एका पारड्यात बसणारे नाहीत. पण 'आमचा नायक कुठे आहे?' एवढाच प्रश्न विचारणाऱ्याला त्यांतला फरक ओळखता येत नाही. आणि फरक ओळखणे हेच तर समीक्षेचे पहिले काम आहे.

तेव्हा 'हेलो २'वर टीका जरूर व्हावी. तो पुरेसा विश्वासघातकी नाही, ही त्याच्यावरची योग्य टीका आहे. त्याने आपल्याला सीमेपलीकडे नेले आणि तेथे आपले हात धुऊन ठेवले. हे म्हणण्यासाठी मात्र पहिल्यापासूनचा चाहता असून भागत नाही. काही काळ तरी आपल्याच पक्षाच्या विरोधात उभे राहण्याची तयारी असावी लागते.